चाळीस जीबीची मोजणी

"शैले, इकडं ये. हे बघ, हे झालं तुझं सी," अण्णा म्हणाले आणि उकिडवे बसूनच त्यांनी चिमटीतली रांगोळी सरळ रेषेत पुढे ओढली.

पाडव्याची सकाळ होती. आईने पहाटे काढलेली ठिपक्यांची रांगोळी दारात होतीच. तिच्या शेजारी, तुळशीपासून पायरीपर्यंत, माझ्या वडिलांनी हार्ड डिस्क काढली होती. एक वीत म्हणजे पाच जीबी, अशा आठ विती. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला होता.

"अण्णा, हार्ड डिस्कला उत्तर दिशा नसते."

"नकाशाला असते," ते मान वर न करता म्हणाले.

आई ओसरीवरून ओरडली, "डबा रिकामा केला माझा! लक्ष्मीपूजनाला आणलेली रांगोळी सगळी त्या मशिनीत घातली."

मशीन आत टेबलावर होतं. मी कोल्हापुरात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. अण्णा त्या मे महिन्यात भूमी अभिलेख खात्यातून सर्वेअर म्हणून निवृत्त झाले होते. शेवटच्या वर्षी खात्याने सगळ्यांना कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला बसवलं, आणि तिथे तरुण पोरांनी यांना कीबोर्डला हातसुद्धा लावू दिला नाही. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून मी सुटे भाग घेऊन मशीन जोडलं आणि मॉनिटर मांडीवर धरून वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून गडहिंग्लजपर्यंत आणलं. आता फक्त विंडोज टाकायचं राहिलं होतं. दीड तासाचं काम. पण आदल्या दिवशी माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं: "डिस्कचे भाग किती किती करायचे ते आधी ठरवायला लागतं, अण्णा."

आयतं कोलीत दिलं मी त्यांच्या हातात. ज्या माणसाने तीन तालुक्यांतल्या जमिनी मोजल्या, ज्याने रोवलेला दगड हलवायची सख्ख्या वैऱ्याची छाती झाली नाही, त्याला मी म्हणाले होते की भाग करायचेत.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या दिवशी मला अण्णांना एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो चारच्या आत विचारायलाच हवा होता.

प्रश्न विलासदादाचा होता. दादा माझा मोठा भाऊ. पाच वर्षांपूर्वी त्याला घरापुढच्या रस्त्याकडेच्या जागेत मोटार रिवाइंडिंगचं दुकान घालायचं होतं. "माझा हिस्सा मला द्या," तो म्हणाला. अण्णा म्हणाले, "मी हाय तोपर्यंत या घरात वाटणी होणार नाही." आयुष्यभर लोकांच्या वाटण्या करून त्या शब्दाची त्यांनी धास्तीच घेतली होती. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दादाही त्यांचाच मुलगा. तो म्हणाला, "उभ्या तालुक्याच्या वाटण्या केल्या, पोराचा हिस्सा तेवढा देता येईना तुम्हाला." दुसऱ्या दिवशी सुरेखावहिनीला घेऊन तो इचलकरंजीला गेला आणि दुकान तिथेच घातलं. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं नाही.

पाच वर्षं मी माझ्या भावाला भाऊबीजेला कागलच्या एसटी स्टँडवर ओवाळत होते. घरी सांगायचं, मैत्रिणीकडे जाते. तो तिकडून यायचा, मी इकडून जायचे. कँटीनच्या मागच्या बाकावर त्याला बसवायचं, निरांजन लावायचं, की एखादी गाडी फलाटाला लागायची आणि तिच्या वाऱ्याने ते विझायचं. एकदा एका कंडक्टरने विचारलं, "ताई, घरात भांडण हाय काय?" मला रडू आलं होतं.

यंदा दादा फोनवर म्हणाला, "शैला, स्टँडवर आता नको. तनुजा विचारायलीय, आत्याला घर न्हाई का म्हणून. तू अण्णांना विचार. ये म्हणाले तर पोरीला घेऊन येतो. नसतील म्हणत तर आम्ही चिकोडीला जातो, हिच्या माहेरी. आणि मग दर वर्षी तिकडंच. पाडव्याला चारला पूजा करून दुकान बंद करतोय मी. त्याच्या आत सांग."

म्हणजे एकच प्रश्न होता, आणि तो ज्यांना विचारायचा ते अंगणात रांगोळी ओढत बसले होते.

"अण्णा, मला जरा बोलायचंय."

"बोल की. पण आधी हे बघ. सी म्हणजे गावठाण. तिथं विंडोज ऱ्हाणार. सरकारी जागा, तिथं आपलं काही ठेवायचं नाही. बरोबर?"

"बरोबर. पण..."

"उद्या व्हायरस आला, गावठाणात पाणी शिरलं, तर मधी बांध पाहिजे. म्हणून हा डी. हा माझा आणि तुझ्या आईचा, सामाईक. हा पुढचा तुझा."

"मला कशाला? मी कोल्हापुरात असते."

"हिस्सा माणूस कुठं ऱ्हातंय त्याच्यावर नसतोय," अण्णा म्हणाले आणि शेवटची रेघ ओढली. चार चौकोन झाले, दहा-दहाचे. चौथ्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही.

"आणि हा?"

"तो ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे म्हणजे काय? ऱ्हाऊ दे नावाचा ड्राइव्ह नसतो, अण्णा. दोनच भाग करू. एक विंडोजचा, एक आपल्या सगळ्यांचा. संपला विषय."

"सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नसतो," ते म्हणाले. "मी बघितलंय."

इतक्यात समोरचे रेडेकर मास्तर पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला आले आणि त्यांनी नेमका डी ड्राइव्हवर पाय दिला. अण्णांनी त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं आणि हार्ड डिस्क समजावून सांगायला सुरुवात केली. मास्तरांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ते मन लावून माना डोलावत होते. ते जाईपर्यंत आईने जेवायला हाक मारली.

पानावर बसल्यावर मी पुन्हा तोंड उघडलं. श्रीखंड वाढून झालं होतं, अण्णा बऱ्या मूडमध्ये दिसत होते.

"अण्णा, उद्या भाऊबीज..."

"उद्याचं उद्या." त्यांनी पुरी मोडली. "मला एक सांग. माझ्या डीतनं तुझ्या ईत जायचं झालं तर वाट कुठनं? दुसऱ्याच्या रानातनं जाऊन चालत नाही. वाटेवरनं खून पडत्यात."

"वाट लागत नाही! माय कॉम्प्युटर उघडलं की सगळे दिसतात."

"म्हणजे समाईक रस्ता हाय."

"हो, आहे! रस्ता आहे, गटार आहे, दिव्याचा खांब आहे, सगळं आहे!"

आई पदर तोंडाला लावून हसली. मी तिच्याकडे पाहिलं. आईला सगळं माहीत होतं, स्टँडही आणि दादाचा फोनही. एक शब्द तिने बोलावा म्हणून मी डोळ्यांनी खुणावत होते. ती माझ्या पानात आणखी श्रीखंड वाढून आत निघून गेली. या घरातली माणसं अशीच. आभाळ कोसळलं तरी आधी विचारतील, जेवलीस का.

दोन वाजून गेले. म्हटलं, ठीक आहे. एकदाचं ते विंडोज टाकू, म्हणजे या माणसाचं डोकं मोकळं होईल आणि मग विचारता येईल. मी सीडी घातली. निळा पडदा आला. अण्णा चष्मा पुसून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मोजणीला जाताना घालायचे ती टोपीही त्यांनी घातली होती.

पडद्यावर न वाटलेल्या जागेचा आकडा उमटला. ३८१५४.

"हे काय?"

"एमबी. हजाराच्या आसपास एमबी म्हणजे एक जीबी."

"मग चाळीस हजार पाहिजेत."

"तेवढेच दिसतात, अण्णा. सगळ्यांनाच."

"सगळ्यांनाच म्हणजे?" त्यांचा आवाज चढला. "जवळजवळ दोन हजार कमी भरली! सबंध मोजणीत हातभर फरक आला तर मी मापाची साखळी पुन्हा टाकत होतो. दुकानदारानं बांध कोरला की तुझा. फोन लाव त्याला."

"आज पाडवा आहे, त्याच्याकडे पूजा चालली असेल. आणि त्याने काही कोरलेलं नाही. कंपनी हजाराने मोजते. कॉम्प्युटर हजार चोवीसने मोजतो. जागा तेवढीच असते, आकडा कमी दिसतो. खरं तर जीबीत धरलं तर सदतीसच भरते."

मला वाटलं, आता तासभर हे चालणार. घड्याळ तीनकडे चाललं होतं. पण अण्णा एकदम शांत झाले.

"म्हणजे साखळी वेगळी," ते म्हणाले. "आमच्याकडं फुटाची साखळी जाऊन मीटरची आली तेव्हा असंच झालं होतं. लोक म्हणायचे, सरकारनं रान चोरलं. तसं सांग की मग सरळ." त्यांनी थोडा वेळ मनातल्या मनात हिशेब केला. "आता कुणाचं तरी कमी पडणार."

"चौथ्यातून कमी करू. नाही तरी तो रिकामाच आहे."

"त्याला हात लावायचा नाही."

"बरं, मग माझ्यातून."

"तुझ्यातनं बी न्हाई. सी दहा, ई दहा, शेवटचा दहा. भरून. आमच्यातनं कमी कर."

"तुमचे सातच उरतात!"

"सात रग्गड झाले. म्हाताऱ्या माणसांना किती लागतंय?"

आता मात्र माझा पारा चढला. मशीन यांच्यासाठी आणलं, वडापच्या जीपमध्ये मांड्या बधिर करून आणलं. यांचे नकाशे, यांची हौस. आणि हे स्वतःला सात ठेवणार, आईला त्यातच बसवणार, आणि दहा जीबी नुसते मोकळे सोडणार! "अण्णा, ही काय पद्धत झाली? पडीक ठेवायला डिस्क आणली का मी? कुणी वापरणार नाही, कशाला लागणार नाही, आणि तुम्ही आईच्या वाटणीचं कापताय."

"तुझ्या आईला विचारलंय मी."

"कधी?"

"सकाळी. रांगोळी घेताना. कुठं कमी पडलं तर आपल्यातनं द्यायचं, ठरलंय आमचं."

मी आईकडे वळले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आम्हाला सात पुरं होत्यात, बाई. घाल तू."

दोघांनाही वेड लागलं होतं. मी दात-ओठ खात आकडे घातले. सी दहा. डी सात. ई दहा. एफ दहा. साडेतीन वाजायला आले होते. यादी पडद्यावर नीट दिसत होती. आता एंटर दाबायचं, पुढचं सगळं आपोआप, आणि मी वळून विचारणार होते: अण्णा, दादाला ये म्हणू का? नाही म्हणाले तर नाही. निदान दादा फोनजवळ ताटकळत तरी बसणार नाही.

मी बोट एंटरवर नेलं. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"थांब. हिस्सेदार हजर हाईत का?"

माझा बांध तिथेच फुटला. "कोण हिस्सेदार? अण्णा, पुरे झालं हो! सकाळपासून मी एक गोष्ट बोलायला तुमच्या मागे मागे फिरतेय आणि तुम्ही मला गावठाण आणि वाटा सांगताय. हे यंत्र आहे, शेत नाही! हिस्सेदार हजर आहेत. तुम्ही आहात, आई आहे, मी आहे. दाबू का?"

"तिघं झालो," अण्णा म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. "मोजणी चौघांची हाय."

मी बोट एंटरवरून काढलं.

"गैरहजर माणसाच्या माघारी दगड रोवताना बघितलंयस कधी मला? सगळ्यांना नोटीस जायला पाहिजे. समोर उभं करून, हे तुझं, हे तुझं, असं दाखवायचं आणि मगच दगड. न्हाई तर ती वाटणी टिकत नसती." त्यांनी माझं मनगट सोडलं. "त्या टायमाला मी वाटणीच केली न्हाई. म्हणून टिकलं का काही?"

पडद्यावरच्या त्या शेवटच्या दहांकडे मी बघत राहिले. सकाळपासून मी ज्याच्यावरून भांडत होते, ज्यातून कापायला निघाले होते, तो माझ्या भावाचा हिस्सा होता. अण्णांनी त्यातलं तसूभरही कमी होऊ दिलं नव्हतं. मला हुंदका आला, आणि त्याच्याबरोबर रागही आला, दोन्ही एकदम.

"मग हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? सकाळी सांगितलं असतं तर! मी दिवसभर जीव मुठीत धरून बसलेय!"

"सांगाय येत असतं तर पाच वर्षं लागली असती का?" अण्णा म्हणाले. मग चष्मा काढून ते टोपीने पुसू लागले. "आणि तू तरी कुठं सांगितलंस? पाच वर्षं विझलेल्या निरांजनानं भावाला ओवाळतीस. कागलच्या स्टँडवर. बरं दिसतंय का ते?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तो कंडक्टर नेसरीचा. त्याचं रान मीच मोजलंय." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाडव्याला दुकानं चारला बंद होत्यात. नोटीस लाव जा."

फोन ओसरीवर होता. मी नंबर फिरवला. दादाने पहिल्याच घंटीला उचलला.

"काय म्हणाले?"

"उद्या मोजणी आहे," मी म्हणाले. "हिस्सेदारांनी समक्ष हजर राहायचं आहे. तुला नोटीस आहे, दादा."

पलीकडे पूजा चालली होती. दुकानातली घंटा वाजत होती, कुणीतरी नारळ फोडत होतं.

"चेष्टा करू नको, शैला."

"माझ्या अंगात चेष्टा करायचं त्राण उरलेलं नाही. दहा दिलेत तुला. भरून. स्वतःचे कापून. तनुजाला आणि वहिनीला घेऊन ये."

त्याने फोन ठेवला. म्हणजे त्याला बोलता येत नव्हतं. त्यातही तो अण्णांवरच गेला आहे.

अण्णांनी मशीन बंद करू दिलं नाही. आकडे घातलेत तसेच राहिले पाहिजेत म्हणाले. संध्याकाळी लोडशेडिंगने लाईट गेली आणि आमची सगळी मोजणी पुसली गेली. मी कपाळाला हात लावला. अण्णा मात्र खूश झाले. "बरं झालं," म्हणाले, "आता त्याच्यासमोर पहिल्यापासनं मोज."

भाऊबीजेला सकाळी दादा आला. फाटकात थांबला. अंगणातली रांगोळी तशीच होती. आईने केर काढताना तिच्या कडेकडेने झाडू मारला होता. दादाने ती बघितली, चार चौकोन बघितले, आणि तनुजाला कडेवर घेऊन, एकाही रेघेवर पाय न देता, कडेने फिरून पायरीपर्यंत आला. वहिनी त्याच्या पावलावर पाऊल टाकत आली. सर्वेअरच्या घरचा माणूस रेघ मोडत नाही.

अण्णा टोपी घालून टेबलापाशी बसले होते. उठले नाहीत. ये म्हणाले नाहीत. फक्त शेजारची खुर्ची सरकवून दिली. दादा तिच्यात बसला. मी पुन्हा सीडी घातली, पुन्हा आकडे घातले, आणि अण्णा प्रत्येक ओळीवर बोट ठेवून दादाला सांगत गेले: हे सरकारी, हे आमचं, हे शैलाचं. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट टेकवून धरलं.

"हे तुझं."

दादा पडद्याकडे बघत होता. त्याने मनगटाने डोळे पुसले. "अण्णा, मला हे मशीन चालवता बी येत न्हाई. मी दहा घेऊन काय करू?"

"वापर न्हाई तर पडीक ठेव," अण्णा म्हणाले. "पण तुझं हाय. दाब ते एंटर."

दादाने दाबलं. पडद्यावर टक्के चढायला लागले. मी ताम्हन घेऊन उभी होते. निरांजन लावलेलं होतं आणि दारं-खिडक्या आईने आधीच लावून घेतल्या होत्या.

"दादा, इकडे तोंड कर, ओवाळते."

"थांब गं जरा," अण्णा म्हणाले. "शंभर टक्के होऊ दे."

मी त्या माणसाचं एक ऐकलं नाही. दादाची खुर्ची फिरवली आणि ओवाळायला लागले. ज्योत हललीसुद्धा नाही.